माशाची भूक आणि वाढीचे संप्रेरक

वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटात तिसरी पोळी वाढताना आई म्हणते, "खाऊ द्या त्याला, वाढीचे वय आहे." ती हे सहज बोलून जाते, परंतु तिच्या ह्या साध्या वाक्यात शरीरशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मुलगा खातो म्हणून वाढतो, की वाढतो म्हणून खातो? पहिली गोष्ट सर्वांना पटते. अन्नावाचून देह वाढत नाही, हे सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाही. दुसरी गोष्ट मात्र थोडी चमत्कारिक वाटते. वाढ भुकेला जन्म देते असे म्हणणे म्हणजे कार्याला कारणाच्या पुढे नेऊन बसविण्यासारखे आहे. तरीही आईच्या बोलण्याचा रोख ह्या दुसऱ्या गोष्टीकडेच असतो, आणि गेल्या पाऊणशे वर्षांतील संशोधनाने तिचे म्हणणे बरेचसे खरे ठरविले आहे. हे संशोधन ज्या प्राण्यांवर विशेष झाले, त्यांत मासा प्रमुख होय. माणूस विशीच्या सुमारास उंचीने वाढावयाचा थांबतो. बहुतेक मासे मात्र पोटभर अन्न मिळेल तोवर आयुष्यभर थोडेफार वाढतच राहतात. त्यांचे खाणे मोजता येते, वजन करता येते, आणि एकाच टाकीत शेकडो भावंडे ठेवून त्यांची तुलनाही करता येते. वाढ आणि भूक ह्यांचे नाते तपासावयास ह्याहून सोयीचा प्राणी शोधून सापडणार नाही.

हे नाते समजून घेण्यासाठी समुद्रकाठीच गेले पाहिजे असे नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर, मराठवाड्यात हिंगोली जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. संत नामदेवांचे नरसी आणि औंढ्याचे नागनाथाचे मंदिर ह्यांमुळे हा मुलूख महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. वसमतची हळद व्यापाऱ्यांच्या तोंडी आहे. मासळीच्या संबंधात मात्र ह्या जिल्ह्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. तथापि पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा ह्या तीन नद्यांचे पाणी त्याला लाभले आहे. पूर्णेवर औंढा तालुक्यात सिद्धेश्वरचा जलाशय आहे, त्याच्या वरच्या अंगास परभणीच्या सीमेवर येलदरीचा आहे, आणि उत्तरेस पैनगंगेवर इसापूरचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. नदीत पिढ्यान् पिढ्या जाळे टाकणारा भोई समाज आता ह्या जलाशयांतही मासेमारी करतो. त्यातच राज्य सरकारने २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केल्यापासून मराठवाड्यातील रानोमाळ शेततळी दिसू लागली. ती खणली गेली पिकांच्या पाण्यासाठी. परंतु पाणी साठले की त्यात रोहू, कटला आणि मृगळ ह्या माशांची बोटुकली सोडून एक जोडपीक काढावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो.

येथे त्या शास्त्रीय प्रश्नाला पैशाचे रूप येते. मराठवाड्यातील पाणी वर्षभर टिकेल असा भरवसा नसतो. पावसाळ्यात सोडलेले बीज उन्हाळ्याच्या तोंडी, पाणी तळाला जाण्यापूर्वी, बाजारात नेण्याजोगे झाले पाहिजे. माशाचे वजन किलोच्या आसपास गेले तर घातलेले भांडवल सुटते. तो पावशेरावरच अडकला तर कोंडा-पेंडीचा खर्च अंगावर येतो. अशा शेतकऱ्याला जर कोणी सांगितले, की माशाच्या वाढीचे एक विशेष द्रव्य असते, ते दिले की मासा भराभर खातो आणि भराभर वाढतो, तर त्याचे मन तिकडे ओढले जाणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून हे द्रव्य कोणते, ते माशाच्या भुकेवर व पचनावर कसे चालते, आणि त्याने तळ्याचा प्रश्न सुटतो काय, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

माशाच्या मेंदूच्या खालच्या बाजूस, हाडांच्या खोबणीत, लहानशा दाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. माणसालाही ती असते. ह्या इवल्याशा ग्रंथीतून अनेक रस थेट रक्तात मिसळतात आणि दूरच्या अवयवांना आज्ञा पोहोचवितात. अशा रसांना हार्मोन, आणि मराठी पाठ्यपुस्तकांत संप्रेरक, असे नाव आहे. भारतातील मत्स्यशेतीचा तर सारा इतिहासच ह्या ग्रंथीभोवती फिरतो. रोहू-कटल्यासारखे मासे नदीच्या पुरात अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात ते कितीही मोठे झाले तरी आपण होऊन प्रजोत्पादन करीत नाहीत. त्यामुळे पूर्वी बीजासाठी नद्यांवरच अवलंबून राहावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दुसऱ्या माशांच्या पीयूषिकेचा अर्क टोचून तळ्यातील माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि बीजाचे कोडे सुटले. आजही १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. हिंगोलीच्या शेततळ्यात जी बोटुकली पडतात, ती ह्याच विद्येची फळे होत.

शहरातील घरांत कधी कधी एक शंका घेतली जाते, की बाजारातील रोहू "हार्मोनचा" असतो. तिचे निरसन येथेच होऊ शकते. जी टोचणी दिली जाते ती बीजकेंद्रावरील नर-मादीला, आणि तीही प्रजोत्पादनाच्या संप्रेरकाची. आता बहुधा ग्रंथीच्या अर्काऐवजी प्रयोगशाळेत तयार केलेली औषधेच त्यासाठी वापरतात. त्या टोचणीचा आणि पुढे तळ्यात वाढलेल्या माशाच्या वजनाचा काही संबंध नाही. वाढीचे संप्रेरक हा त्याच ग्रंथीतला, पण अगदी वेगळा रस आहे.

ह्या दुसऱ्या रसाचे कार्य माशांत प्रथम स्पष्टपणे दाखविणाऱ्यांत अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ग्रेस पिकफर्ड ह्यांचे नाव घेतले जाते. किलीफिश नावाचा बोटभर लांबीचा एक मासा त्यांनी प्रयोगासाठी निवडला. शस्त्रक्रियेने त्याची पीयूषिका काढून टाकली, की त्याची वाढ थांबे. नंतर गुरांच्या पीयूषिकेतून शुद्ध केलेले वाढीचे संप्रेरक टोचले, की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होई. हे प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाले. गुराचा रस माशाला चालावा ह्यातच निसर्गाची एक मौज आहे. परंतु उलट दिशेने मात्र ते चालत नाही. माणसाच्या शरीरातील ग्रहण करणारी यंत्रणा माणसाच्या आणि वानरांच्या वाढ-संप्रेरकालाच ओळखते. माशाचा रस तिच्या लेखी निरर्थक असतो.

हे संप्रेरक स्वतः सर्व काम करीत नाही. ते रक्तावाटे यकृतापर्यंत जाते आणि तेथे दुसऱ्या एका द्रव्याची निर्मिती करविते. ह्या द्रव्याची घडण इन्सुलिनसारखी असल्यामुळे त्याला इन्सुलिनसदृश वाढ-घटक म्हणतात. स्नायूंना आणि कूर्चेला "वाढा" असा प्रत्यक्ष निरोप बहुतांशी हे दुसरे द्रव्य देते. पीयूषिका ही सरकारातून निघालेला हुकूम मानली, तर यकृत हे तो हुकूम अंमलात आणणारे कचेरीचे ठिकाण होय. ही दोन पायऱ्यांची रचना लक्षात ठेवावी, कारण उपासाच्या वेळी नेमकी येथेच एक विलक्षण घटना घडते. ती पुढे येईल.

आता भुकेकडे वळावे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात योन्सन आणि ब्यॉर्नसन ह्या संशोधकांनी इंद्रधनुषी ट्राऊट माशाच्या पिलांना वाढीचे संप्रेरक देऊन त्यांची वर्तणूक तपासली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे दिसले, की ही पिले केवळ भराभर वाढली असे नव्हे. त्यांची भूक वाढली आणि इतरांवर ती वर्चस्वही गाजवू लागली. पुढे १९९६ साली त्याच गटाने एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. शिकारी पक्ष्याच्या हल्ल्याचे सोंग करून ट्राऊटना घाबरविण्यात आले. साधे मासे सावध होऊन दबून राहत. संप्रेरक दिलेले मासे मात्र धोका पत्करून खाण्यासाठी उघड्यावर येत. भुकेने भीतीवर मात केली होती. म्हणजे वाढीचे संप्रेरक देहाला वाढावयास सांगते तेव्हाच ते मनाला, जर माशाच्या बाबतीत मन हा शब्द वापरावयाचा असेल तर, खावयासही सांगते. घर बांधावयास काढणारा मनुष्य गवंड्याला बोलावतो आणि त्याच दिवशी विटांची मागणीही नोंदवितो, तसेच हे आहे.

ही मागणी नोंदली जाते मेंदूत. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा भाग आहे. भूक आणि तृप्ती ह्यांचा हिशेब तेथे ठेवला जातो. काही द्रव्ये तेथे भूक चेतवितात, काही ती शमवितात. आपल्याकडील मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्या माशावर चीनमधील वूहान येथे पुष्कळ काम झाले आहे. वाढ-संप्रेरकाचे जादा जनुक घातलेले सायप्रिनस नेहमीच्या माशांपेक्षा अधिक खातात, आणि त्यांच्या अधश्चेतकात भूक चेतविणाऱ्या एका द्रव्याचे प्रमाण वाढलेले असते, असे तेथील संशोधकांना २०१३ साली दिसून आले. उलट बाजूने पोटही मेंदूशी बोलत असते. जपानमधील कोजिमा आणि कांगावा ह्यांनी १९९९ साली उंदराच्या जठरात घ्रेलिन नावाचे संप्रेरक शोधून काढले. पीयूषिकेला वाढीचा रस सोडावयास लावणे हे त्याचे पहिले ओळखलेले काम. पण ते भूकही लावते असे लवकरच ध्यानात आले. रोहूच्या दूरच्या नात्यातला जो सोनेरी मासा दिवाणखान्यातील काचेच्या पेटीत असतो, त्याला हे घ्रेलिन टोचले असता तो अधिक खातो. ट्राऊटमध्ये मात्र त्याने खाणे कमी झाल्याचेही आढळले आहे. सर्व माशांना एकच नियम लावून चालत नाही, हे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

भूक लागली आणि घास घेतला, तरी काम संपत नाही. घेतलेला घास पचला पाहिजे. येथे रोहूची एक गंमत सांगण्यासारखी आहे. रोहू, कटला आणि मृगळ ह्या तिघांनाही जठर नसते! माणसाच्या पोटात अन्न काही काळ साठते, आम्लात घुसळले जाते आणि मग पुढे सरकते. ह्या माशांत अन्ननळी सरळ आतड्यालाच मिळते. तोंडात दात नसतात. घशात खोल असलेल्या दातांनी ते घास चिरडतात. आम्लाचे काम नाही, पेप्सिन नाही. यकृत व स्वादुपिंड ह्यांचे रस आतड्यात येऊन मिसळतात आणि पचनाचा सारा भार आतड्यावरच पडतो. शेवाळ आणि वनस्पतीचे कण खाणाऱ्या रोहूचे आतडे म्हणूनच वेटोळी घातलेले आणि शरीराच्या कित्येक पट लांब असते. तळ्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव टिपणाऱ्या कटल्याचे आतडे त्या मानाने आखूड असते, आणि मृगळ तळाचा गाळ-कचरा चाळून पोट भरतो. तिघांचे ताट वेगवेगळ्या मजल्यांवर मांडलेले असल्यामुळे तिघे एका तळ्यात गुण्यागोविंदाने नांदतात. परंतु कोठारच नसलेल्या घरात एकदम पोतेभर धान्य आणून टाकले तर ते जसे वाया जाते, तसे जठर नसलेल्या माशापुढे एकाच वेळी ढीगभर खाद्य टाकले तर त्यातील पुष्कळसे पाण्यातच कुजते. त्याने थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खावे, हीच त्याच्या देहाची रचना आहे.

वाढीचे संप्रेरक ह्या आतड्यालाही सोडीत नाही. कोहो नावाच्या सामन माशाला गुरांचे वाढ-संप्रेरक दिले असता त्याचे आतडे प्रथिनांतील घटक अधिक वेगाने शोषून घेते, असे १९८५ सालीच दाखविण्यात आले होते. ह्याहून ठळक पुरावा कॅनडातून मिळाला. व्हँकुव्हरजवळ रॉबर्ट डेव्हलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोहो सामनच्या अंड्यांत वाढ-संप्रेरकाचे जादा जनुक घातले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हे मासे त्यांच्या साध्या भावंडांपेक्षा सरासरीने ११ पट वजनदार भरले. एक तर ३७ पट निघाला. पुढे त्यांची आतडी उघडून पाहता असे दिसले, की आतल्या घड्या वाढून शोषणाचा पृष्ठभाग साध्या माशांच्या दुपटीहून अधिक झाला होता. म्हणजे संप्रेरकाने भूक वाढविली आणि त्या भुकेच्या मापाने पचनाचे घरही वाढवून घेतले. पाहुणे येणार म्हणून आधीच मोठे पातेले चुलीवर चढवावे, तशी ही तजवीज आहे.

येथपर्यंत सर्व कथा उत्कर्षाची आहे. रस वाढला, भूक वाढली, आतडे वाढले, मासा वाढला. परंतु अन्नच नसेल तर काय होते? साधी कल्पना अशी, की उपाशी माशाच्या रक्तात वाढीचे संप्रेरक कमी होत असेल. घडते ते नेमके उलट. सामन, ट्राऊट आणि इतरही कित्येक मासे उपाशी राहिले की त्यांच्या रक्तातील वाढ-संप्रेरक वाढते, आणि तरीही वाढ थांबते! ह्याचे कारण मघाच्या दोन पायऱ्यांत आहे. पीयूषिका हुकूम सोडीत राहते, पण यकृताची कचेरी तो हुकूम बजावावयाचे नाकारते. उपासाच्या काळात यकृतातील संप्रेरक ग्रहण करणारी यंत्रणा मंदावते, आणि वाढ-घटकाचे उत्पादन घटते. मग हे वाढलेले संप्रेरक करते तरी काय? ते शरीरातील साठविलेली चरबी सोडवून जगण्यासाठी इंधन पुरविते, आणि त्यामुळे जीव तगून राहतो. भरल्या घरात बांधकाम करणारा तोच कारभारी दुष्काळात कोठाराच्या किल्ल्या घेऊन बसतो. संप्रेरकाचा अर्थ अन्न ठरविते. अन्नाचा अर्थ संप्रेरक ठरवीत नाही. ह्या विषयाचे सार ह्या एका वाक्यात आहे.

हेच सार डेव्हलिन ह्यांच्या गटाने २००४ साली अधिक कठोर रीतीने दाखवून दिले. जादा जनुकाचे आणि साधे सामन एकाच टाकीत एकत्र ठेवण्यात आले. अन्न मुबलक होते तोवर दोन्ही कुळे सुखाने राहिली. अन्न कमी करताच चित्र पालटले. ज्यांची भूक संप्रेरकाने पेटविली होती ते मासे आक्रमक बनले. ते इतरांना हुसकावून खाद्य बळकावू लागले आणि शेवटी आपल्याच भाईबंदांना खाऊ लागले. अशा टाक्यांतील माशांची संख्या कोसळली. काही टाक्या तर जवळजवळ ओस पडल्या. ज्या टाक्यांत केवळ साधे मासे होते, त्यांनी तोच तुटवडा सोसला आणि त्यांतले बहुतेक तगले. तेव्हा भूक हे जसे वाढीचे साधन आहे, तसेच अन्नावाचून ती नाशाचेही साधन होते.

ह्या विद्येचा व्यापारी उपयोग करण्याचा यत्न जगात झाला आहे. अटलांटिक सामनमध्ये चिनुक सामनचे वाढ-संप्रेरकाचे जनुक घालून, सुमारे ३ वर्षांऐवजी साधारण दीड वर्षात विक्रीयोग्य होणारा मासा तयार करण्यात आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये तो खाण्यास सुरक्षित ठरवून मान्यता दिली. तथापि त्याचे उत्पादन करणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आपली मत्स्यशेती बंद करीत असल्याचे जाहीर केले. भारतातही मदुराई कामराज विद्यापीठात टी. जे. पांडियन ह्यांच्या प्रयोगशाळेने रोहूवर असाच प्रयोग केला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात जादा जनुकाचा रोहू साध्या रोहूपेक्षा चार पटींहून अधिक वेगाने वाढला, आणि खाल्लेल्या अन्नाचे मांसात रूपांतर करण्यातही तो काहीसा सरस ठरला. मात्र "काहीसा" हा शब्द विसरता कामा नये. वाढ कित्येक पट झाली. अन्नाची बचत मात्र त्या पटीत झाली नाही. मांस शून्यातून निर्माण होत नाही. चौपट मासा हवा तर अन्नाचीही जवळजवळ तितकीच सोय करावी लागते.

आता पुन्हा हिंगोलीच्या शेततळ्याकडे यावे. तेथील रोहूला वाढीच्या संप्रेरकाची उणीव असते काय? निरोगी रोहूच्या पीयूषिकेत ते पुरेसे असते. उणीव असते ती दुसऱ्याच गोष्टींची. पहिली उणीव अन्नाची. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात माती नसते, त्यामुळे शेवाळ आणि सूक्ष्म जीव ह्यांची नैसर्गिक पैदास बेताची होते, आणि माशाला बाहेरच्या खाद्यावर विसंबावे लागते. दुसरी उणीव प्राणवायूची. जेवण पचविण्यासही प्राणवायू लागतो; भरपेट खाल्लेला मासा उपाशी माशापेक्षा तो अधिक ओढतो. आभाळ दाटून आलेल्या दिवसांत शेवाळाकडून प्राणवायू कमी मिळतो आणि पहाटेच्या सुमारास त्याचा साठा तळाला जातो. तेव्हा मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे वासू लागतात. नवखा माणूस त्याला भूक समजतो आणि आणखी खाद्य टाकतो! ती भूक नसून गुदमर असते. तिसरी गोष्ट उष्णतेची. माशाचे रक्त पाण्याच्या तापमानाप्रमाणे थंड-गरम होते. पौष-माघातील थंड रात्रींनंतर रोहूची भूक मंदावते, पचन सावकाश होते, आणि मग टाकलेले खाद्य तळाशी सडून पुन्हा प्राणवायूच खाते.

मग दुकानांत "ग्रोथ" हा शब्द ठळक छापलेल्या ज्या पुड्या मिळतात, त्यांचे काय? त्यांतील काहींत जीवनसत्त्वे, क्षार किंवा पाचक द्रव्ये असतात आणि त्यांचा खाद्याला थोडा आधारही होत असेल. परंतु त्यांत वाढीचे संप्रेरक असते अशी कोणाची समजूत असेल, तर ती सोडून द्यावी. हे संप्रेरक प्रथिन आहे. मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन गोळीने न देता सुईने कां देतात, हे शहरातील कित्येक घरांना ठाऊक असते. तोंडावाटे गेले तर पोट त्याला डाळीतील प्रथिनाप्रमाणेच पचवून टाकते. वाढ-संप्रेरकाची गतही तीच. जठर नसलेल्या सायप्रिनससारख्या माशांत तोंडावाटे दिलेल्या संप्रेरकाचा अल्पसा अंश अखंड रक्तात उतरतो, असे प्रयोगांत आढळले आहे. पण त्याची किंमत आणि तळ्यातील हजारो मासे ह्यांचा मेळ बसविणे हे शेतकऱ्याच्या आवाक्यातील काम नव्हे. आणि ते बसले तरी वाढलेल्या भुकेला घालावयास अन्न कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच.

ह्या सर्व शास्त्रातून शेतकऱ्याच्या हाती जे येते ते साधे आहे, पण मोलाचे आहे. माशाच्या अंगचे संप्रेरक आपले काम करील, अशी परिस्थिती त्याला मिळवून द्यावयाची. तळ्याच्या मापाने बीज सोडावयाचे. दाटी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला उपासच येतो, आणि उपाशी माशाच्या अंगात वाढीचा रस वाढूनही मासा मात्र वाढत नाही, हे वर आलेच आहे. रोजचे खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा २ ते ३ इतके धरून ते दोन हप्त्यांत द्यावयाचे, आणि अधूनमधून जाळे ओढून थोडे मासे वजन करून हा हिशेब सुधारावयाचा. कोंडा-पेंड पाण्यावर फेकण्यापेक्षा भोके पाडलेल्या पिशव्यांत भरून बांबूला टांगली, तर मासे हवे तेव्हा येऊन चोखतात आणि किती उरले ते संध्याकाळी कळते. जठर नसलेल्या प्राण्याला ही तऱ्हा विशेष मानवते. ढगाळ दिवशी आणि कडक थंडीत हात आखडता घ्यावयाचा. मासे तोंड वासू लागले तर खाद्य थांबवून पाणी खळबळावयाचे किंवा ताजे पाणी सोडावयाचे. ह्यांतील एकाही गोष्टीला परदेशी जनुक लागत नाही.

२०१५-१६ च्या दुष्काळात लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. अशा मुलखात तळ्यातील मासा म्हणजे पाण्यावर काढलेले कर्ज होय. ते फेडण्याची मुदत सूर्य ठरवितो. मुदतीच्या घाईत शेतकऱ्याला जादूची मात्रा हवीशी वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु निसर्गाने वाढीच्या रसाला भुकेशी आणि भुकेला अन्नाशी अशी गाठ मारून ठेवली आहे, की त्यांतला एक धागा एकटा ओढता येत नाही.

आईचे म्हणणे तेव्हा खरेच आहे. मुलगा वाढतो म्हणून खातो. मात्र ती एवढे म्हणून थांबत नाही. ती पोळी वाढते. तिच्या बोलण्यातले शास्त्र जितके खरे, तितकाच तिच्या हातातला घासही आवश्यक. शेततळ्यातील रोहूच्या बाबतीतही वाढीचा हुकूम त्याच्या मेंदूखालच्या त्या दाण्याएवढ्या ग्रंथीतून निघालेलाच असतो. ताट वाढण्याचे काम तेवढे काठावर उभ्या असलेल्या माणसाचे आहे.